पाटी घरची, मोबाईलही घरचाच?



मागे एकदा गट ऑफिसात ऊस नोंदीचे काम चालू असता एका सभासदांनी खिशातून शाळेची चिठ्ठी काढून आमच्यापुढे ठेवली. चिठ्ठी छापील होती. इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन दिवस स्वतःचा मोबाईल अथवा टॅब शाळेत आणावा, त्यावर विज्ञान-गणिताचा अभ्यास घेण्यात येईल, यंत्र हरवल्यास वा फुटल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, असा मजकूर आणि खाली पालकाच्या सहीसाठी रेघ. सभासद म्हणाले, "भाऊ, आमना घर एकच मोबाईल शे, तो बी मनासंगे वावरमा जास. आते पोऱ्याले दुसरा लई देऊ का?"

मुलगा नववीत, मुलगी आठवीत. म्हणजे चिठ्ठीच्या हिशेबाने यंत्रे दोन लागणार. पण त्यांनी विचारले ते पोऱ्याचेच. ही गोष्ट तेव्हा आमच्याही ध्यानात आली नाही, घरी गेल्यावर आली.

शाळेचे नाव येथे देण्याचे कारण नाही. अशा चिठ्ठ्या आता खान्देशातच काय, कोठेही निघू शकतात. तेव्हा एकट्या त्या सभासदांना उत्तर देण्यापेक्षा सर्वांसमोर हा विषय मांडावा, असे आम्हांस वाटले.

आपण शाळेत गेलो तेव्हा पाटी घरचीच होती. बसायला पोते घरचे, पेन्सिल घरची, पाटी पुसायचे ओले फडकेही घरचेच. मास्तरांनी कधी पाटी पुरवली नाही आणि आपण कधी मागितली नाही. मग आज शाळेने मोबाईल आणा म्हटले तर एवढा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हीही आधी तसेच म्हणालो होतो. पण पाटीचे बरे होते. एकाच्या पाटीला लाकडी चौकट, दुसऱ्याच्या पाटीला पत्र्याची, तिसऱ्याची पाटी कोपऱ्यात फुटलेली. बाराखडी मात्र तिन्हींवर सारखीच उमटायची. मोबाईलचे तसे नाही. ज्याच्या मोबाईलात जागा उरलेली नाही, त्याच्यावर धडा उतरत नाही. ज्याची बॅटरी फुगली आहे, त्याचा मोबाईल दुसऱ्या तासाला बंद. ज्याचा रिचार्ज संपला, तो शेजारच्या मुलाच्या खांद्यावरून बघत बसतो. एकाच वर्गात, एकाच बाकावर, दोन पोरांचे शिक्षण दोन प्रकारचे होते.

आणि किंमत? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा रास्त भाव १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये होता. त्यातून तोडणी-वाहतूक वजा करा, कारखान्याचा उतारा कमी पडला तर तेही धरा. आठ-दहा हजारांचा मोबाईल म्हणजे तीन-साडेतीन टन ऊस झाला. पाटी एकदा घेतली की फुटेपर्यंत खर्च नव्हता. मोबाईलला दर महिन्याला रिचार्जचे खाद्य लागते. खोडव्याला खत टाकावे तसे ते टाकतच राहावे लागते, आणि न टाकल्यास पीक त्याच दिवशी वाळते.

'आपले यंत्र आपण आणा' ही रीत परदेशात आधी कचेऱ्यांत आली आणि २०१० च्या आगेमागे शाळांत शिरली. कारण समजण्याजोगे आहे. शाळेने सगळ्यांना यंत्रे घ्यायची तर खर्च शाळेचा, दुरुस्ती शाळेची, तीन-चार वर्षांनी जुनी झाली की पुन्हा खरेदी. मुलांनी आपापली आणली की हा सारा भार शाळेच्या खात्यातून निघून पालकाच्या खात्यावर चढतो. भार नाहीसा होत नाही, फक्त खाते बदलते. ताळेबंद वाचणाऱ्या सभासदाला हे समजावून सांगायला नको.

या रीतीची सर्वांत मोठी परीक्षा आपल्याकडे कोणी न ठरवताच झाली. मार्च २०२० मध्ये करोनामुळे राज्यातल्या शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असे म्हणत शिक्षण खात्याने अभ्यास मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. त्या दिवसापासून घरातला मोबाईल हीच शाळा झाली आणि प्रत्येक मुलाने आपले यंत्र आपण आणायचे, हा नियम कागदावर नसताना साऱ्या राज्याला लागू झाला.

त्या दिवसांत काय झाले हे आपण सर्वांनी आपल्या ओसरीवर पाहिले आहे. शिक्षक सकाळी ग्रुपवर अभ्यास टाकत. तेव्हा मोबाईल बापाच्या खिशात, बाप वावरात. रात्रीची लाईट असली तर मोटार चालू करायला बापाबरोबर मोबाईलही रात्रभर मळ्यात. पोराच्या हाती तो लागायचा तेव्हा अभ्यास कालचा झालेला असे आणि बॅटरी दहा टक्के. रेंजसाठी पोरे धाब्यावर चढत. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत तर रेंजच नव्हती. तिकडे कित्येक शिक्षक स्वतः पाड्यावर जाऊन ओट्यावर, झाडाखाली पाच-सहा पोरांना घेऊन बसले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली. पहिली ते आठवीचा अभ्यास त्यात खेळांतून दिला होता. घरी टीव्ही असला की भागले, मोबाईल नको, रिचार्ज नको.

'असर' या संस्थेच्या ग्रामीण भारताच्या पाहणीत, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेले आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर. तीन वर्षांत एवढी उडी! किती बापांनी उचल घेऊन, किती आयांनी डाग गहाण ठेवून हे फोन घेतले असतील, त्याचा हिशेब कोठे लिहिलेला नाही. पण त्याच २०२१ च्या पाहणीतली दुसरी बाब आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. घरात स्मार्टफोन असूनही जवळजवळ चौथ्या हिश्शाच्या मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी पडतच नव्हता. घरी विहीर आहे, पण दोर दुसऱ्याच्या हातात, असा तो प्रकार.

आता मुलींकडे येऊ. 'असर'ने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. निम्म्याहूनही कमी. येथे 'आपले यंत्र आपण आणा' या सूचनेचा खरा अर्थ उघडा पडतो. चिठ्ठीत मुलगा-मुलगी असा भेद कोठेच नाही. चिठ्ठी घरी येते, तेव्हा भेद होतो. घरात एकच फोन असेल तर तो भावाच्या दप्तरात जातो. बहिणीच्या हाती फोन दिला तर गाव काय म्हणेल, ही चर्चा मात्र तिच्या दप्तरापर्यंत येते. आमच्या त्या सभासदांच्या बोलण्यात मुलगी आली नव्हती, ती यामुळेच. ते मुलीला कमी लेखणारे गृहस्थ नाहीत. तिला सायकल आधी त्यांनीच घेऊन दिली.

आणि आपल्या उसाला कोयता लावणाऱ्यांची पोरे? चाळीसगाव-साक्रीकडून, सातपुड्यातून टोळ्या येतात, मुकादमाबरोबर कोपीवर उतरतात. कोपीत लाईटचे बटण नाही. फोन असतो तो मुकादमाच्या फोनला उत्तर देण्यासाठी. 'घरून आणा' म्हटले तर ज्याचे घरच सहा महिने उसाच्या फडात आहे, त्याने काय आणावे?

फड हा शब्द आला तर आपल्या भागातल्या दुसऱ्या फडाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी राहणाऱ्यांना ती नवी नाही, जळगावकडच्या सभासदांसाठी सांगतो. तीन-चारशे वर्षांपासून पांझरेवर गावोगाव लहान बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने येते आणि गावाचे रान मोठमोठ्या फडांत वाटलेले असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. उसाचा फड वेगळा, भुसाराचा वेगळा, आणि हे पीक आळीपाळीने फिरायचे. पाणी कोणी आपल्या मर्जीने फोडून घ्यायचे नाही. ते देणारा पाटकरी गावाने नेमलेला, त्याला बलुत्यासारखे धान्य ठरलेले. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी भिजणारे रानच कमी करायचे, म्हणजे टंचाई आली तरी सर्वांच्या वाट्याला सारखी येते. आपापल्या विहिरी, आपापल्या मोटारी आल्या, तशी ही व्यवस्था बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आली. ज्याची विहीर खोल त्याचा ऊस हिरवा, बाकीच्यांनी बोअर खालीखाली न्यायचे. आपल्यातले पुष्कळजण त्या शर्यतीत पैसे घालून बसले आहेत.

शिक्षणाच्या यंत्रांचीही फड पद्धत होऊ शकते, आणि झालीही आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पाष्टेपाडा नावाचा छोटा पाडा आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक संदीप गुंड यांनी गेल्या दशकात गावाच्या मदतीने डिजिटल वर्ग उभा केला. पडदा एक, पोरे सगळी. ते बघायला राज्यभरातले शिक्षक गेले आणि तंत्रस्नेही शिक्षकांची जणू दिंडीच निघाली. आपल्या धुळे जिल्ह्याने तर त्यात बाजी मारली. जिल्हा परिषदेच्या अकराशेवर शाळा डिजिटल झाल्याचे २०१७ च्या सुमारास जाहीर झाले. त्यासाठी गावागावांतून लोकवर्गणी निघाली, संस्थांनी मदत दिली. कोणी शंभर दिले, कोणी पाच हजार दिले. पण पडदा पाहताना कोणाचे शंभर आणि कोणाचे पाच हजार हे पोरांना दिसत नाही. शेअर भांडवलाचेही तसेच असते. एका शेअरवाल्याचा ऊस वेगळ्या गव्हाणीत पडत नाही.

येथे सगळे गोड आहे असे मात्र समजू नये. पडदा आला, पण त्याचा पाटकरी कोण, हे पुष्कळ गावांनी ठरवले नाही. शाळेचे वीजबिल थकले की जोडणी तुटते आणि मोठा टीव्ही धूळ खात भिंतीवर. पावसाळ्यात गळके छप्पर असले तर त्यावर गोणपाट. हौसेने शिकलेले गुरुजी बदलून गेले की नव्या गुरुजींना पासवर्ड ठाऊक नसतो. वर्गणी गोळा करायला गाव उभे राहते. दरमहा देखभालीला कोणी उभे राहत नाही. पाट बांधणे सोपे, दरवर्षी गाळ काढणे अवघड. जुन्या माणसांना हे कळत होते, म्हणून पाटकऱ्याचे धान्य आधी ठरत होते.

बरे, यंत्र हाती आल्याने पोर खरेच शिकते काय? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राने फार लवकर पाहिला. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाच्या वाडीत एकशिक्षकी शाळेतल्या प्रत्येक मुलाला हिरव्या-पांढऱ्या रंगाचा छोटा लॅपटॉप मिळाला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जगभरच्या योजनेचा तो भारतातला पहिला प्रयोग. पोरांनी ती यंत्रे चटकन आत्मसात केली, त्यांचे कौतुकही झाले. हीच योजना दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने फार मोठ्या प्रमाणावर, लाखो लॅपटॉप वाटून राबवली. २०१२ साली तिची नीट तपासणी झाली, तेव्हा आढळले की सुमारे सव्वा वर्षानंतर लॅपटॉप मिळालेल्या शाळांतली मुले गणितात वा भाषेत इतरांपेक्षा पुढे गेलेली नव्हती. यंत्र होते, त्यावर काय शिकवायचे आणि कोणी, हे बसलेले नव्हते. ट्रॅक्टर आला म्हणून उतारा वाढत नाही, हे आपणांस माहीतच आहे.

उलट बाजूचीही नोंद आहे. २०२२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारले गेले, तर ६५ टक्के मुलांनी सांगितले की गणिताच्या निदान काही तासांत तरी यंत्रांमुळे आपले लक्ष उडते. शेजारच्याच्या यंत्राने लक्ष उडणारेही ५९ टक्के. फ्रान्सने २०१८ सालीच शाळेत मोबाईल वापरायला कायद्याने मनाई केली. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर चार देशांपैकी एकाने शाळेत स्मार्टफोनला बंदी घातलेली होती. म्हणजे ज्या देशांकडून ही रीत आली, त्यांपैकी कित्येकजण माघारी वळत आहेत आणि आपल्याकडे चिठ्ठ्या छापल्या जात आहेत! दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मधली वाट दाखवली. शाळेत फोनला सरसकट बंदी करणे व्यवहार्य नाही. पण वापरावर देखरेख हवी, आणि शक्य तेथे शाळेत शिरताना फोन जमा करून घरी जाताना परत द्यावा, असे त्या निकालात आहे.

घरचे चित्रही पाहून घ्यावे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी व्हॉट्सअॅप-रील यांसारख्या करमणुकीसाठी. पोरांना दोष देऊन काय उपयोग! सायंकाळी पारावर बसलेल्या आपल्या मंडळींचे आकडे कोणी काढलेले नाहीत, एवढेच.

असे असले तरी मोबाईल म्हणजे विषच, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ चौकोनी ठिपक्यांची खूण छापलेली असते. तिच्यावर मोबाईल धरला की धड्याचा व्हिडिओ, प्रश्न, कवितेची चाल उघडते. 'दीक्षा' या सरकारी अॅपवर हे फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतले की रेंज नसतानाही चालते. पुस्तकात अशी खूण घालण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी करून दाखवली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या कामाला घरातला एकच जुना फोन रोज रात्री अर्धा तास मिळाला तरी पुरतो. प्रत्येकाला वेगळा लागत नाही.

अकरावी-बारावी, आयटीआय, कॉलेज यांची गोष्ट निराळी. तेथे सीईटीचा सराव, फॉर्म भरणे, नोट्स हे सारे यंत्राशिवाय अडते. इतर मागासवर्गीय, विमुक्त-भटक्या वर्गांतील मुलांना नागपूरच्या महाज्योती संस्थेकडून जेईई-नीट-सीईटीच्या तयारीसाठी टॅब व इंटरनेट देण्याची योजना गेली काही वर्षे निघत आली आहे. दहावीचा निकाल लागला की तिची जाहिरात पाहत जावी. आपल्या कित्येक सभासदांची पोरे पात्र असतात; जाहिरात न पाहिल्याने फॉर्म राहून जातो. दारावर येऊन हप्त्याने टॅब आणि 'कोर्स' विकणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. सही करण्यापूर्वी तो कागद कर्जाचा आहे की फीचा, हे घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावे. वाचून दाखवणारे पोर बहुधा तेच असते, ज्याला टॅब हवा असतो. म्हणून शेजारच्या पोराकडून वाचून घ्या!

त्या सभासदांना आम्ही काय सांगितले? चिठ्ठीवर सही करू नका आणि चिठ्ठी फाडूही नका, असे सांगितले. पालक सभेला जा, एकटे जाऊ नका, मुलीच्या आईला घेऊन जा. मुख्याध्यापकांना विचारा: वर्गातल्या ज्या मुलांकडे यंत्र नाही, ती त्या तासाला काय करणार? यंत्रे ठेवायला कुलुपाचे कपाट आहे काय, आणि त्याची किल्ली कोणाकडे? त्या तासात जे शिकवायचे ते शाळेच्या एका पडद्यावर का होत नाही? शाळेत वर्गणीचा टीव्ही असेल तर तो बंद का पडला आहे? ते गेले. मुख्याध्यापक भले निघाले. टीव्ही होता, बंदही होता, बिघाड मामुली होता. आणि वर्गातल्या किती मुलांच्या घरी दुसरा फोन आहे, हे चिठ्ठी छापण्यापूर्वी कोणी मोजलेच नव्हते. आता आठवड्यातले दोन तास त्या टीव्हीवर होतात आणि शिक्षकांचे चार जुने टॅब गटागटाने फिरतात. चिठ्ठी अजून मागे घेतलेली नाही, पण तगादाही नाही.

यावरून एक सूचना सुचते ती मांडतो. आपल्या गटांतल्या ज्या शाळांत वर्गणीचे टीव्ही, पडदे, संगणक पडून आहेत, त्यांची एक यादी करावी. कारखान्याच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन आहेत. हंगाम संपल्यावर दुरुस्तीच्या दिवसांत दोन-दोन दिवस ते मोकळे होऊ शकतील की नाही, हे संचालक मंडळाने पाहावे. टनामागे अमुक पैसे शिक्षणासाठी कापायचे की नाही, हा मोठा विषय आहे आणि तो वार्षिक सभेनेच ठरवायचा. पण हा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात, चहा आल्यावर, मंडळी उठू लागल्यावर निघू नये. आधी कार्यक्रमपत्रिकेत छापला जावा. कोपीवरच्या पोरांसाठी मळीच्या टाकीजवळच्या जुन्या शेडमध्ये एक दिवा, एक टीव्ही आणि चार्जिंगचे दोन बोर्ड एवढे जरी झाले, तरी येत्या गाळपापासून ते चालू करता येईल.

यादीसाठी शाळेचे नाव, गाव, कोणते यंत्र, कशाने बंद आणि शाळेत लाईट आहे की नाही, एवढे पोस्टकार्डावर लिहून पाठवावे. कार्ड गट ऑफिसात द्या किंवा चिटबॉयजवळ दिले तरी आमच्याकडे पोहोचेल.